तळहातावरचं नाव

ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेत मास्तर चिडले की म्हणतात, "हात पुढे कर." बाईंच्या शाळेत हे वाक्य कोणी उच्चारत नसे. कर्णबधिर मुलांची शाळा ती, बाई तिथल्या मुख्याध्यापिका. तिथं हात म्हणजे जीभ. नवी शिक्षिका रुजू झाली की बाई तिला पहिल्याच दिवशी सांगत, "रागवा, कोपऱ्यात उभं करा, खेळाचा तास बुडवा. पण मुलाच्या हातावर फटका नाही. जिभेवर कोणी छडी मारतं का?" आणि ती शिक्षिका मान डोलावून निघाली की तिला दारातून परत बोलावून म्हणत, "आणखी एक. मूल काय म्हणतंय ते आधी बघा. समजायची घाई करू नका. घाईत समजलेलं बहुतेक आपलंच असतं, मुलाचं नसतं."

असं सांगता सांगता बाईंचे केस पांढरे झाले होते. आणि तरी जे व्हायचं ते त्यांच्याच हातून झालं.

खळी शाळेत आली तेव्हा सहा वर्षांची होती. तिचं कागदावरचं नाव मुलांना काय उपयोगाचं? तिथं प्रत्येकाला खुणेचं नाव मिळे. ही हसली की उजव्या गालाला खळी पडे, म्हणून गालावर बोट टोचलं की ती आली, असं ठरलं. मग बोलणारी माणसंही तिला खळीच म्हणू लागली.

तिला घेऊन तिचे बाबा आले होते. बस चालवायचे. आई ती तान्ही असतानाच गेलेली, आत्यानं वाढवलेली पोर. बाबा फाटकापासून ऑफिसपर्यंत तिच्याशी अखंड बोलत आले. "हे बघ झाड, तो बघ घसरगुंडीचा रंग, आता रडायचं नाही हं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हिला ऐकू येत नाही, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे हो बाई. पण मला बोलता येतं, त्याला मी काय करू?"

बाई हसल्या. जाताना तो माणूस दारातून परत वळला. "तळहाताच्या फोडासारखी जपलीय हिला," तो म्हणाला.

"आम्हीही तशीच जपू," बाई म्हणाल्या. सगळ्याच आईबापांना त्या हे म्हणत, आणि मनापासून म्हणत.

खळी हुशार निघाली. पाणी, चेंडू, ये, जा, झोप, बाबा, अशा खुणा ती पाखरानं दाणे टिपावे तशा टिपू लागली. दुखण्याची खूण अजून आली नव्हती. ती पुढच्या सत्रात, डोकं, पोट, गुडघा यांच्या धड्यात यायची. अभ्यासक्रम बाईंनीच आखलेला होता. पण रविवारच्या उपासनेत मुलांना येशूची गोष्ट सांगायची रीत होती, त्यामुळे ते नाव तिला लवकर मिळालं.

त्या नावाची खूण अशी: उजव्या हाताचं मधलं बोट डाव्या तळहाताच्या मध्यावर टेकवायचं, मग डाव्या हाताचं मधलं बोट उजव्या तळहातावर. खिळे जिथं ठोकले ती जागा. बहिऱ्या माणसांनी त्याला मुकुटावरून नाव दिलं नाही, सिंहासनावरून नाही. जे डोळ्यांना दिसलं त्यावरून दिलं. जखमेवरून.

बाई शिकवायच्या तेव्हा नुसती खूण करून थांबत नसत, सगळं करून दाखवत. त्या दिवशी त्यांनी खोटा खिळा धरला, खोटी हातोडी मारली आणि तोंड वेडंवाकडं करून कळ आल्याचं दाखवलं. खळीनं झटकन त्यांचा हात ओढला, उलटापालटा करून भोक शोधलं आणि सापडलं नाही तरी त्यावर फुंकर घातली. बाई हा किस्सा कितीतरी दिवस सांगत होत्या.

मग व्हरांड्यातल्या खिडकीची काच बदलली. काचवाल्यानं झाडून घेतलं, मावशींनीही झाडलं. मावशी म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई, स्वच्छतेच्या बाबतीत एकदम कडक. तरी पायरीच्या खाचेत चुरा राहायचा तो राहिलाच. चेंडूमागे धावणारी खळी तिथंच पालथी पडली, दोन्ही हात पुढे टेकून. मावशींनी तिला मांडीवर घेतलं, चिमट्यानं काचा काढल्या, हात धुतले, मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. "मुलंच ती, पडायचीच," म्हणाल्या. थोड्याच दिवसांत कातडी जुळून आली. बाईंनी स्वतः उजेडात नेऊन पाहिलं. वरून काही उरलं नव्हतं.

त्यानंतर खळी येशूचं नाव घेऊ लागली.

आधी झोपताना. मग जेवताना, ताट बाजूला सारून. मग वर्गात, मैदानात, आंघोळीच्या रांगेत. जो समोर येईल त्याच्याकडे बघायचं आणि हळूच बोट टेकवायचं, या तळहातावर, त्या तळहातावर. मावशींकडे बघून करी. माळ्याकडे बघून करी. बाईंकडे तर दिवसभर.

बाईंचं ऊर भरून आलं. एवढी वर्षं शिकवलं, किती मुलांनी ती खूण पाठ केली आणि विसरली. इथं एक पोर उठता-बसता नामस्मरण करत होती, कोणी न सांगता. बाई तिला उत्तर देत. स्वतःच्या तळहातांवर बोटं टेकवत, हसत, मान डोलवत. म्हणजे हो, हो बाळा, येशू. खळी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राही, आणि पुन्हा तेच करी.

"जेवण कमी झालंय हिचं," मावशी एकदा म्हणाल्या.

"अहो, तिचं ध्यान दुसरीकडे लागलंय," बाई म्हणाल्या. त्या हे थोडं कौतुकानंच म्हणाल्या.

बातमी चर्चच्या पाळकांच्या कानावर गेली. त्या रविवारी त्यांनी खळीला मंडळीसमोर उभं केलं. ती उंच खिडकीखाली उभी राहिली, एवढ्या सगळ्या माणसांकडे बघितलं, आणि बोट टेकवलं. डाव्या तळहातावर, उजव्या तळहातावर. पुन्हा. पुन्हा. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पाळक मंडळीकडे वळले. "जिला ऐकू येत नाही, तिच्या हातांवर देवानं आपलं नाव लिहिलं," ते म्हणाले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एका आजीबाईंना राहवलं नाही. त्यांनी पुढे होऊन तिचा डावा तळहात धरला आणि त्याचा मुका घेतला. खळीनं तो हिसडून मागे घेतला.

"लाजते," बाई म्हणाल्या.

त्याच दुपारी तिचे बाबा भेटायला आले. मैदानाच्या कडेला बाकावर दोघं बसली. बाबा नेहमीप्रमाणे बोलत होते, बसच्या गोष्टी, ब्रेकच्या गोष्टी, एका म्हाताऱ्यानं गाडीत चढवलेल्या बकरीची गोष्ट. बाईंनी टोमणा मारला, "इतके महिने झाले, एक खूण शिकला नाहीत तुम्ही."

"बाई, माझे दोन्ही हात स्टिअरिंगला बांधलेले. शिकीन हो." मग ते खळीकडे बघत राहिले. बोलता बोलता त्यांचं बोलणं बंद पडलं. तसं ते कधी पडत नसे.

"बाई, हिचे हात दुखतात का?"

बाईंना हसू आलं. "अहो, ते नाव आहे. येशूचं नाव घेतेय ती. तुम्हाला खूण कळत नाही म्हणून तसं वाटतं."

"असेल. मला नाहीच कळत." त्यांनी पोरीवरची नजर काढली नाही. "पण मला एवढं दिसतंय, की पोरगी मला तळहात दाखवतेय आणि ओठ चावतेय. नाव घेताना कोणी ओठ चावतं का?"

बाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी खळीकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नुसतं पाहिलं. डोळ्यांखाली काळं. गाल बसलेले. डाव्या हाताची पाठ टम्म फुगलेली. मुलांचे हात गुबगुबीत असतात म्हणून त्या सुजेकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. बाईंनी तो हात आपल्या हातात घेतला. तापलेल्या इस्त्रीसारखा होता. त्यांनी अंगठ्यानं तळव्याच्या मध्यावर, अगदी जिथं बोट टेकवायचं तिथं, हलकेच दाबलं.

खळी किंचाळली.

बाईंनी तिचा आवाज तोवर कधी ऐकला नव्हता. जाडाभरडा, आकार नसलेला, पोटाच्या तळातून आलेला. भिंतीवरची कबुतरं उडाली. बाबा उठून उभे राहिले. आणि मैदानावरच्या एकाही मुलानं मान वळवली नाही. घसरगुंडीवरून मुलं घसरत होती, झोका वर जात होता, खाली येत होता. कोणालाच काही झालेलं नव्हतं.

बाई भर उन्हात रिक्षा बोलवायला फाटकाकडे धावल्या.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना गोड बोलायला वेळ नव्हता. त्यांनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला. हाडांच्या मधोमध पांढरे बारीक ठिपके. "काच आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही हातांत. उजवीकडे थोडी आहे. डावीकडे आत पू झालाय. तळव्याची कातडी जाड असते, ती फुगत नाही. सूज हाताच्या पाठीवर येते. हे आजचं नाही. मूल काही सांगत नव्हतं का?"

"सांगत होती," बाई म्हणाल्या.

"मग?"

बाईंनी एक्स-रेवरचे ठिपके मोजले.

"डॉक्टर, तिला बोलता येईल ना?" बाबांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"बोलायचा आणि हाताचा काय..." त्या म्हणता म्हणता थांबल्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग पोरीच्या हातांकडे. आवाज उतरला. "ताबडतोब आत घेते."

दार बंद झालं. बाहेर लोखंडी खुर्च्या होत्या, त्यांतल्या दोन खुर्च्यांवर दोघं बसली. बाबा गप्प. तो गप्प बसलेला माणूस बघवत नव्हता. आपण काहीतरी बोलावं, असं बाईंना वाटलं, आणि जे खरं होतं तेच तोंडातून आलं.

"आज सकाळी आम्ही तिला मंडळीसमोर उभं केलं होतं. ती हीच खूण करत होती. लोक रडले."

बाबांनी सावकाश मान वळवली. "म्हणजे लोक रडत होते तेव्हाही दुखत होतं."

"हो."

"आणि तुम्ही?"

"मीपण रडले. आनंदानं."

बाबांनी शिवी दिली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. "तळहाताच्या फोडासारखी जपू म्हणाला होतात," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मग त्यांनी आपले स्वतःचे तळवे उघडून पाहिले, स्टिअरिंगनं घट्टे पडलेले, जणू ते पहिल्यांदाच दिसत होते.

बाईंना प्रार्थना करायची होती. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्या एकट्या असतानाही हातांनी प्रार्थना करत. मधलं बोट आपोआप तळव्याकडे गेलं आणि अधांतरी थांबलं. कुठल्या तोंडानं, असं माणसं म्हणतात. इथं कुठल्या हातानं, असा प्रश्न होता.

देव वर बसून ऐकतो, एवढंच त्या आजवर धरून चालल्या होत्या. मुलांना सांगतही होत्या: त्यानं आपल्यासाठी सोसलं. सोसलं. झालं गेलं, एकदाच, फार पूर्वी, आणि आता आपण त्याचे आभार मानायचे. या खुर्चीवर ते सगळं उलटंपालटं झालं. गेले कित्येक दिवस ज्याच्या नावानं आपण हरखून जात होतो, तो वर नव्हताच. तो त्या पोरीच्या तळहातात होता, काचेच्या बाजूला, पुवात. ती त्याला दाखवत होती. जो भेटेल त्याला दाखवत होती. इथं बघा, इथं आहे. आणि आपण त्याच्याकडे बघून हसलो, मान डोलावली. त्याला स्तुती नको होती. त्याला डॉक्टर हवा होता.

बाई उठून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, कारण बसवेना. दुखण्याची खूण आपण पुढच्या सत्रात ठेवली होती. देवाचं नाव आधी, दुखणं नंतर. जणू त्या दोन वेगळ्या इयत्ता होत्या.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. "काच निघाली. उजवा हात छान होईल. डाव्या हाताचं... मधल्या बोटाचा स्नायूबंध ज्या नळीतून जातो तिथवर पू गेला होता. पट्टी सुटल्यावर कळेल. आत्ता मी खोटा शब्द देणार नाही."

पुढचे दिवस खळी मुकी होती. खरंच मुकी. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या बोचक्यांत बांधलेले. तहान लागली तर डोळ्यांनी भांड्याकडे बघायचं, नको असेल तर मान फिरवायची. बाई रोज शाळा सुटली की जात. बाबांनी त्यांना या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. खाटेच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला त्या. बाईंनी तिला दुखण्याची खूण शिकवली. मूठ आवळायची आणि ओलं फडकं पिळावं तशी पिळायची. आपलं डोकं धरून पिळून दाखवलं, आपलं पोट धरून पिळून दाखवलं. मग तिच्या बोचक्याकडे बोट करून मूठ पिळली आणि भुवया वर केल्या. दुखतं?

खळीनं डोळे विस्फारून त्या मुठीकडे पाहिलं. मग इतक्या जोरात मान हलवली की उशी सरकली. हो. हो. हो. अशी खूण असते, हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं, असा तिचा चेहरा होता. बाईंना तो चेहरा झेपला नाही. त्या पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेल्या.

"मलाही दाखवा ती," त्या परत आल्यावर बाबा म्हणाले. पहिलीच खूण ते शिकले ती ही. त्यांची मूठ मोठी आणि आडदांड होती. खळीला हसू आलं. गालाला खळी पडली.

पट्टी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः बसल्या. उजवा हात आधी. बोटं उघडली, मिटली, उघडली. बाबांनी श्वास सोडला. मग डावा. तळव्याच्या मधून गुलाबी, चकचकीत रेघ गेलेली. अंगठा हलला. तर्जनी हलली. करंगळी, तिच्या शेजारचं बोट. मधलं बोट आकड्यासारखं आत वळलेलं होतं, ते तसंच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी हळूच सरळ करून पाहिलं. खळीनं ओठ चावला.

"व्यायामानं थोडं सुटेल," त्या म्हणाल्या. "पूर्ण सुटेल की नाही, सांगता येत नाही."

खळीनं इतक्या दिवसांचं साठलेलं बोलायचं ठरवलं होतं. पाणी. चेंडू. बाबा. एकेक खूण करून बघत होती, चाकं तपासावी तशी. चेंडू थोडा वाकडा झाला. मग तिनं बाईंकडे पाहिलं. उजवं मधलं बोट डाव्या तळव्याच्या गुलाबी रेघेवर टेकवलं. डावा हात उजव्याकडे नेला. आकडा उजव्या तळव्यापर्यंत पोचेना. तिनं मनगट फिरवून पाहिलं. कोपर वर उचलून पाहिलं. बोटाच्या पेराची पाठ लागत होती, टोक लागत नव्हतं. नाव अर्धंच राहिलं.

आता ही रडणार, असं बाईंना वाटलं. घाईघाईनं त्यांनी मूठ पिळली. दुखतं?

खळीनं मान हलवली. हो.

बाई थांबल्या. जे विचारायचं इतके दिवस टाळलं होतं ते त्यांनी विचारलं. आधी सावकाश आपल्या दोन्ही तळव्यांवर बोटं टेकवली, येशू. मग मूठ पिळली, दुखतं. मग दोन्ही हात दोन बाजूंना धरून भुवया उंचावल्या. यातलं कुठलं? तेव्हा, शाळेत, तू काय म्हणत होतीस?

खळीनं एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे. प्रश्न तिला कळला नसावा. किंवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच कळलं नसावं. अगदी सोप्या गोष्टीवर अडलेल्या मोठ्या माणसाकडे मूल जसं बघतं, तसं तिनं बाईंकडे बघितलं. मग पुढे वाकून त्यांचा उजवा हात धरला. त्यांची बाकीची बोटं मिटली, मधलं बोट सरळ केलं, आणि ते ओढून आपल्या उजव्या तळव्याकडे नेऊ लागली, ताज्या टाक्यांच्या खुणेकडे.

बाईंनी हात मागे खेचला. नको, लागेल. खळीनं सोडला नाही. पोरीच्या अंगात बळ कुठून आलं कोण जाणे. डॉक्टरीणबाई काही बोलायला गेल्या आणि राहिल्या.

बाईंचं बोट जखमेवर टेकलं. कातडी पातळ होती, ऊन होती, आणि तिच्याखाली नाडी उडत होती. नाव पूर्ण झालं.

"काय म्हणतेय, बाई?" बाबांनी पलीकडून विचारलं. "नाव घेतेय, की दुखतंय तिला?"

बाईंनी बोट उचललं नाही.

"हो," त्या म्हणाल्या.